पूजेपुरती जोडलेली सायकल

फार पूर्वी, सायकल दिसली की माणसे हातातले काम टाकून बघत उभी राहत असत त्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात कुलपे दुरुस्त करणारा एक कारागीर राहत होता. त्याची बायको विणकरीण होती. गावापासून दोन कोसांवर एक शहर होते, शहरात एक मागशाळा होती आणि त्या मागशाळेतल्या खिडकीजवळच्या मागावर ही विणकरीण रेशमी पातळे विणत असे.

खिडकीजवळचा माग हा मानाचा माग. तिथे उजेड सर्वांत आधी येई आणि सर्वांत शेवटी जाई. म्हणून पदरावर मोर विणायचे नाजूक काम तेवढ्या एकाच मागावर होत असे. बाकीच्या मागांवर चादरी आणि पंचे निघत. विणकरणीच्या हाताला मोर साधला होता. तिचा मोर मान वळवून मागे बघे आणि लोक तो पदर उलगडून पुन्हापुन्हा बघत.

अडचण होती ती वाटेची. मध्ये ओढा होता, ओढ्याच्या दोन्ही अंगांना दाट झाडी होती आणि झाडीत तरसे फिरत. त्यामुळे तांबडे फुटल्याशिवाय गावातले कोणी ती वाट धरीत नसे. तांबडे फुटल्यावर निघालेली विणकरीण कितीही झपाझप चालली, तरी ती पोहोचेपर्यंत शेजारणींच्या मागांची खटखट सुरू झालेली असे आणि मागशाळेच्या वृद्ध मालकीणबाई दाराशी उभ्या असत.

"ये हो," त्या म्हणत, "सूर्याने तुझी बरीच वाट पाहिली. शेवटी गेला बिचारा पुढे."

बायकोची ही रोजची ओढाताण कारागिराला बघवेना. तो मनाचा चांगला होता, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. कारण पुढे तसे वाटणार नाही.

"तू आता चालायचे नाहीस," एके दिवशी त्याने जाहीर केले. "मी तुला सायकल करून देतो."

"करून म्हणजे?"

"म्हणजे जोडून. विकतच्या सायकलीत काय असते? सगळ्यांच्या सारख्याच. माझी बघ तू."

आणि त्याने सुरुवात मोठी झटपट केली. दवाखान्यातल्या नर्सबाईंची आडवा दांडा नसलेली सायकल एकदा टांग्याखाली सापडली होती. तिची वाकलेली फ्रेम आणि मागचे मडगार्ड त्याने मागून आणले आणि ठोकून सरळ केले. पुढचे चाक टपालवाल्याच्या मोडीत निघालेल्या सायकलीचे मिळाले, मागचे गवळ्याने दिले. हँडल आणि चेन शहरातल्या जुन्या बाजारातून आली. पायडले दोन वेगवेगळ्या घरची होती आणि सीट एका फोटोग्राफरच्या अडगळीतली. एवढ्या ठिकाणांहून गोळा झालेली ती मंडळी एकत्र नांदतील असे कोणाला वाटले नव्हते. पण उन्हाळा संपायच्या आत सायकल अंगणात आपल्या चाकांवर उभी राहिली.

विणकरीण माहेरी भावाच्या सायकलीवर शिकलेली होती. ती जपून बसली, देवळाभोवती एक फेरी मारून आली आणि उतरली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"झाली की हो," ती म्हणाली. "उद्यापासून जाते."

"थांब." कारागिराने मान तिरकी केली. "आवाज येतोय."

"कसला?"

"उजवे पायडल खाली जाताना. कट् असा."

"येऊ दे की. मला काय त्याच्या तालावर गायचे आहे?"

"अगं, आज कट् म्हणतेय, उद्या तुटेल. थोडेसेच काम आहे. आत्ता करतो."

ते थोडेसे काम पावसाळ्यात जाऊन पोहोचले. कट् गेला, तेव्हा ब्रेक कच्चे वाटू लागले. ब्रेक पक्के झाले, तेव्हा हँडल एका बाजूला ओढते असा संशय आला. हँडल सरळ झाले, तोवर कोणीतरी चांगल्या जातीच्या तारा आणून दिल्या आणि दोन्ही चाके उसवून पुन्हा विणायला काढली गेली. मध्येच कारागिराने पुढे कार्बाइडचा एक देखणा दिवा बसवला. विणकरीण अंधारात कधी जाणारच नव्हती, हा मुद्दा त्याने मनावर घेतला नाही.

विणकरणीच्या वाट्याला आली ती उलटी सायकल. सीट आणि हँडल जमिनीला टेकलेले, चाके आभाळाकडे. पाण्याला जाताना तिला त्या सायकलीला वळसा घालावा लागे, पाणी घेऊन येताना पुन्हा वळसा. चपला झिजत होत्या आणि मालकीणबाईंचे बोलणे रोज नव्याने टोचत होते. संध्याकाळी ती पाय ओढत अंगणात शिरली, की कारागीर उत्साहाने चाक हाताने फिरवून दाखवी.

"बघ, किती वेळ फिरते."

"फिरते," ती म्हणे. "जागच्या जागी फिरते."

"तुझ्यासाठीच तर करतोय."

हे वाक्य आले की तिची पंचाईत होई. शिव्या देणाऱ्या नवऱ्याशी भांडता येते, पण हा तिच्याचसाठी राबत होता; हात तेलकट, डोळ्यांत कौतुक, जेवणाची शुद्ध नाही. अशा माणसावर रागवायला तरी कुठून सुरुवात करायची? ती चूल पेटवायला निघून जाई आणि लाकडे जरा जास्तच जोराने मोडी.

सासूला ती आत्याबाई म्हणत असे. आत्याबाई पडवीत धान्य निवडत बसलेल्या असत आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"सूनबाई, याला लहानपणापासून मी ओळखते," त्या म्हणत. "लग्नात हा मुंडावळ्या सरळ करीत बसला होता. एक लांब, एक आखूड दिसतेय म्हणे. मुहूर्त टळायची वेळ आली, तेव्हा मामाने दंडाला धरून बोहल्यावर उभा केला."

"मुंडावळ्या वाकड्याच होत्या, आई," कारागीर सायकलीखालून म्हणे.

नवरात्र तोंडावर आले, तेव्हा मालकीणबाईंनी विणकरणीला बाजूला घेतले.

त्या मागशाळेची एक जुनी रीत होती. खंडेनवमीला सगळे माग थांबत आणि मागावर आडवा धागा आरपार नेणाऱ्या धोट्यांची पूजा होई. दसऱ्याला पहाटे आरती चाले आणि सूर्य उगवताच प्रत्येकीने आपल्या मागावर बसून पहिला धोटा फेकायचा. जी ज्या मागावर धोटा फेकील, तो माग पुढच्या दसऱ्यापर्यंत तिचा.

"आजवर मी तुझ्यासाठी आरती लांबवीत आले," मालकीणबाई म्हणाल्या. "बाकीच्या बायका तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांचे काही चुकत नाही. यंदा आरती वेळेवर संपेल. खिडकीचा माग रिकामा दिसला, तर तिथे दुसरी बसेल आणि तू चादरी विणशील."

"आदल्या दिवशी मुक्कामाला येते."

"आणि घरची नवमी कोण करील? तुझी सासू इथे येऊन मला चार गोष्टी सुनावील. ते नको. तू वेळेवर ये, एवढेच कर."

चादर विणण्यात कमीपणा नाही, हे विणकरणीला ठाऊक होते. पण वर्षभर ज्या बोटांनी मोराची मान वळवायची, त्या बोटांनी सरळ पट्टे ओढत बसायचे, हे तिला मानवेना. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि आयुष्यात प्रथमच नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दसऱ्याला पहाटे सायकल उभी पाहिजे. चालती. कट् करणारी चालेल."

"अगं, दसऱ्याला तू अशी जाशील, की शहरातले लोक—"

"अशी नको नि तशी नको. नुसती जाईन, एवढे करा."

सगळे ऐकून घेतल्यावर कारागीर गंभीर झाला. त्याने शब्द दिला आणि तो मनापासून कामाला लागला. सप्तमीला सायकल पुरती जोडून झाली. विणकरीण त्या रात्री कितीतरी महिन्यांनी शांत झोपली.

अष्टमीला संध्याकाळी ती घरी आली, तर सायकल उलटी होती.

ती पायरीवर बसली.

"रागावू नकोस, आधी ऐक," कारागीर लगबगीने म्हणाला. "शहरातली सर्कस उठली. सायकलवर कसरती करणाऱ्याचे मागचे चाक मिळाले बघ. काय हलके आहे. फुंकर मारली तरी फिरते. फक्त आस जरासा घासून बसवावा लागेल."

"अहो," ती म्हणाली, "मी तारेवरून जाणार नाही. मी ओढ्यावरून जाणार आहे."

"म्हणून तर. चढावर तुला दम लागू नये."

ती उठून आत गेली. त्या संध्याकाळी लाकडे मोडल्याचा आवाज शेजारपर्यंत गेला.

नवमी उजाडली. खंडेनवमीला त्या गावात घरातले प्रत्येक हत्यार धुऊन, पुसून पाटावर मांडीत. हळदकुंकू वाहून मांडलेले हत्यार दसऱ्याचा सूर्य उगवेपर्यंत कोणी उचलीत नसे. वर्षभर राबलेल्या लोखंडाची ती विश्रांती असे. वाहनाची गोष्ट मात्र निराळी होती. वाहनाला हार घालायचा आणि ते फिरवायचे. हार घातलेले वाहन जागेवर उभे ठेवणे चांगले मानीत नसत.

"सायकल पूजेला घ्यायची ना?" आत्याबाईंनी विचारले.

"घेऊ, आई. अजून चाक बसायचे आहे."

"मग आधी जोड. हाडे मोकळी झालेल्या जनावराला मी कुंकू लावणार नाही."

"अगं, आस घासायला दिवस जाईल."

"नवे राहू दे. जुने आहे ना? ते लाव. नैवेद्य निवतोय."

कारागिराने कुरकुरत गवळ्याचे जुने चाक उचलले. "बरे, पूजेपुरती जोडतो," तो म्हणाला. "आरती झाली की पुन्हा उघडतो." पण सैल काम करणे त्याच्या हातालाच माहीत नव्हते. पूजेपुरते म्हणत म्हणत त्याने प्रत्येक नट असा आवळला, की तो हाताने हलणे शक्य नव्हते.

मग तो हत्यारांकडे वळला. या बाबतीत तो फार भाविक होता. सारे पाने, पक्कड, कानशी, हातोड्या, छिन्न्या, हवा भरायचा पंप असे सगळे त्याने राखेने घासून लखलखीत केले आणि आकाराप्रमाणे ओळीने पाटावर मांडले. सर्कशीतले चाकही आत्याबाईंनी पाटामागे भिंतीला टेकवायला लावले, कारण नुसते चाक हे वाहन होत नाही, असे त्यांचे मत पडले.

विणकरीण नैवेद्याचे ताट घेऊन उभी होती. अंगणात सायकल आपल्या चाकांवर उभी होती. पाटावर पाने ओळीने निजले होते. तिने एकदा सायकलीकडे पाहिले, एकदा पाटाकडे पाहिले आणि पुढे काय होणार ते तिच्या ध्यानात आले. एक शब्द बोलली असती तर नवरा सावध झाला असता. ती बोलली नाही. तिने ताट खाली ठेवले, कोनाड्यात विसरून राहिलेला एक छोटा पाना शोधून आणला, तोही पाटावर कडेला ठेवला आणि त्याला चांगले ठसठशीत कुंकू लावले.

आरती झाली. सायकलीला झेंडूचा हार पडला. कारागिराने हात चोळले.

"चला, आता मागचे चाक काढून—" असे म्हणत तो पाटाकडे वाकला आणि त्याचा हात वाटेतच थांबला.

"काय रे?" आत्याबाई म्हणाल्या.

"पाना."

"पाना बसलाय."

"एकच, आई. लहानसा."

"देव्हाऱ्यातला लहानसा देव उचलून त्याने नारळ फोडतोस का?"

कारागिराने बोटांनी नट फिरवून पाहिला. बोटे लाल झाली, नट तसूभर हलला नाही. तो सुताराकडे गेला. सुताराची करवत फुलांखाली होती. लोहाराकडे गेला, लोहाराची भट्टी विझलेली होती आणि ऐरणीला हार होता. साऱ्या गावात त्या दिवशी एक पाना मोकळा नव्हता. तो परत आला आणि सायकलीसमोर उकिडवा बसून राहिला. विणकरणीला त्याची दया आली. पण ती पाटाच्या आसपास फिरकली नाही.

दसऱ्याला तांबडे फुटताच तिने लग्नातले पातळ नेसून सायकल अंगणाबाहेर काढली. कारागीर मागोमाग आला.

"मागचे चाक किंचित डुगडुगते."

"मीही डुगडुगत जाईन."

"ब्रेक लागतो, पण मला हवा तसा मऊ लागत नाही."

"लागतो ना?"

"लागतो. पण लोक काय म्हणतील? कारागिराच्या बायकोची सायकल करकरते."

"म्हणू द्या. ते ऐकायला मी तिथे पोहोचलेली असेन, हे काय थोडे झाले?"

"आज नको नेऊस. उद्या मी स्वतः—"

"हार घातलाय," पडवीतून आत्याबाई म्हणाल्या. "फिरवायलाच हवी. सोड तिला."

आणि ती निघाली. सायकल करकरत होती, डुगडुगत होती, पण चालत होती. ओढ्याचा उतार आला, ब्रेक लागला. चढ आला, तिने पाय रेटले आणि चढही मागे पडला. ज्या वाटेने ती वर्षानुवर्षे धापा टाकीत आली होती, तीच वाट चाकांखालून अशी सरकत होती, की तिला हसू फुटले.

झाडी संपली आणि सायकल एकाएकी जागेवर थबकली. ती पडता पडता वाचली. खाली पाहते तो पातळाचा काठ मागच्या चाकात गेलेला, तारांत आणि आसात घट्ट गुंडाळलेला. तिने ओढून पाहिला, चाक उलटे फिरवून पाहिले. तेलाने हात काळे झाले, काठ सुटेना. समोर आभाळ पिवळे होत चालले होते. उन्हाळ्यापासून घासली, पुसली, उसवली, विणली, तिला दिवा लावला, आणि एवढ्याने अडली. तिला त्या क्षणी नवऱ्याचा जेवढा राग आला, तेवढा आजवर कधी आला नव्हता. मग तिने तोच राग कामाला लावला. काठ दातांत धरून टर्रकन फाडला, उरलेले पातळ वर खोचून घेतले आणि पुन्हा पायडलवर पाय दिला.

ती मागशाळेत शिरली, तेव्हा आरती संपून टाळ खाली ठेवले जात होते. खिडकीजवळच्या मागावर शहरातली एक तरुण विणकरीण हातात धोटा घेऊन टेकलेली होती.

मालकीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "ऊठ गं," त्या तिला म्हणाल्या. "सूर्य अजून समोरच्या कौलांखाली आहे. जिचा माग ती आली."

तरुणी उठली. विणकरणीने धोट्याकडे हात नेला.

"आधी हात पूस," मालकीणबाई म्हणाल्या. "रेशीम आहे ते. आणि पातळाला काय झाले?"

"सायकलने खाल्ले," ती म्हणाली. तिने हात पुसले आणि कौलांवरून पहिला किरण आला तसा धोटा फेकला.

संध्याकाळी ती घरी पोहोचली, तेव्हा कारागीर दारात उभा होता. दिवसभर त्याने पाना हातातून खाली ठेवला नव्हता.

"माग?"

"मिळाला."

त्याने मोठा श्वास सोडला. मग मात्र त्याला राहवेना. "चाक फार डुगडुगले का?"

"ठाऊक नाही."

"कट् आला?"

"असेल. मी ऐकायला थांबले नाही. हे बघा, हे झाले." तिने फाटलेला काठ त्याच्यापुढे धरला. "मागच्या चाकाला जाळी पाहिजे. पातळ आत जाऊ नये म्हणून."

कारागिराने तो काठ हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तारा, छर्रे, ब्रेक, दिवा, सारे त्याने शंभरदा तपासले होते. पण सायकल उलटी असताना तिच्यावर कोणी बसलेले नसते. त्यामुळे बसणारीने पातळ नेसलेले असेल, हे त्याला कधी दिसलेच नव्हते.

तो मागच्या मडगार्डजवळ बसला, त्याच्या कडेवरून बोट फिरवले आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झाले?"

"इथे बारीक भोकांची ओळ होती. दोन्ही बाजूंना. नर्सबाईंची जाळी या भोकांत ओवलेली असणार." तो खालच्या आवाजात म्हणाला. "मला वाटले, गंजून पडली आहेत. मी शिशाने बुजवली आणि वरून रंग दिला."

"चांगला दिलात," विणकरीण म्हणाली. "भोके दिसतसुद्धा नाहीत."

पडवीत आत्याबाईंना ठसका लागला.

कारागिराने भोके पुन्हा पाडली आणि सुतळीची जाळी ओवली. चुलीवरचा भात शिजायच्या आत काम झाले. हात पुसता पुसता त्याची नजर भिंतीला टेकलेल्या सर्कशीतल्या चाकाकडे गेली. "आता सायकल उलटी केलीच आहे, तर—"

विणकरणीने हात पुढे केला. त्याने तिच्याकडे पाहिले, पान्याकडे पाहिले आणि पाना तिच्या हातावर ठेवला.

त्या दिवसापासून तो पाना तिच्या डब्याच्या पिशवीत सायकलीबरोबर शहरात जाई आणि सायकलीबरोबर परत येई. सुट्टीच्या दिवशी ती तो नवऱ्याच्या हाती देई आणि काय टोचते, काय अडते ते सांगे. तेवढेच तो करी आणि सूर्य मावळायच्या आत सायकल चाकांवर उभी करी. अशा रीतीने पुढच्या दसऱ्यापर्यंत ती सायकल खरोखरच त्या भागातली उत्तम सायकल झाली. सर्कशीतले चाक आत्याबाईंनी पडवीत आडवे टांगले आणि त्याला लसणाच्या जुड्या लावल्या.

तात्पर्य एवढेच: वस्तू वापरात आल्यावाचून तिचे खरे उणे कळत नाही, म्हणून जिच्यासाठी ती करायची, तिच्या हाती ती आधी द्यावी आणि सुधारणा मागाहून, तिला विचारून करावी.